भाजल्याचे डाग, आखूड बाहीची चोळी आणि बैठकीची लावणी

घुंगुरवाळी (बडोदा)

यंदा गणपतीत आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात मी बैठकीची लावणी करणार आहे. समूहनृत्य नाही, एकटीची. ढोलकी आणि पेटी प्रत्यक्ष वाजणार, गाणारी बाजूला बसणार, मी बसून अदा करणार आणि शेवटच्या अंतऱ्याला उठून नाचणार.

डाव्या खांद्यापासून कोपराच्या जरा वरपर्यंत आणि तिथून मागे अर्ध्या पाठीवर मला भाजल्याचे डाग आहेत. लहान असताना बंबातलं उकळतं पाणी अंगावर आलं होतं. पाठीवर मांडीची कातडी काढून लावलेली आहे. तो भाग सपाट, फिकट आणि चकचकीत. दंडावरचे व्रण जाड, उठलेले, गडद तपकिरी. मूल वाढतं तशी व्रणाची कातडी वाढत नाही, त्यामुळे वयात येताना काखेतली ओढ सोडवायला पुन्हा शस्त्रक्रिया झाली. आता डावा हात सरळ वर जातो, पण शेवटच्या टप्प्यात खांदा अडतो.

आजवर नाचले ती पूर्ण बाह्यांत. शिकत होते तेव्हा क्लासमध्ये मला कायम रांगेच्या अशा टोकाला उभं करत, की माझी डावी बाजू विंगेकडे राहील. तोंडाने कुणी काही बोललं नाही. बडोद्यात वाढलेल्या मुलीला हे जरा जास्तच लागतं, कारण नवरात्रात इथे सगळं गाव उघड्या पाठीच्या चोळ्या घालून गरबा खेळतं आणि मी गळाबंद कुर्त्यात.

या वेळी मला दंड मोकळे हवेत. आखूड बाहीची, काठाची चोळी. लावणीत खांद्याची एवढीशी उडी असते, ती भुवईबरोबर जुळली पाहिजे. लांब बाहीत ती मरून जाते. म्हणून विचारतेय. मेकअपने झाकावं का? कापडाचं काय करावं, दिव्यांचं काय? आणि ज्या क्षणी लोकांचं लक्ष पहिल्यांदा दंडावर जाईल, त्या क्षणी मी नेमकं काय करावं?

"करू का नको" हा प्रश्न नाही. ते ठरलंय.

पोहेजलेबी (इंदूर)

शेवटची ओळ फार आवडली. वाचतेय.

रावपुरा_जुने (बडोदा)

मंडळांच्या कार्यक्रमांची व्यवस्था मी खूप वर्षं पाहिली आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. गणपतीत पहिल्या दोन रांगांत लहान मुलं बसतात. मुलं बोट दाखवतात, मोठ्याने विचारतात. तुम्हाला ऐन अदेच्या मध्ये ते ऐकू आलं तर ताल सुटेल. जाळीच्या कापडाची लांब बाही शिवून घ्या. झाकलं म्हणजे लाज वाटली असं होत नाही.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पोटुशी असताना नाचत होत्या, कळा आल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या. शरीराचं दुखणं प्रेक्षकापर्यंत पोहोचू न देणं ही लावणीची परंपरा आहे, असं मी मानतो.

मँचेस्टरची_मावशी

रावपुरा काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते. विठाबाईंची गोष्ट ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो, पण कौतुकाने नाही. फड थांबला तर घर थांबायचं, म्हणून ती बाई ओल्या अंगाने परत उभी राहिली. त्या सोसण्याला परंपरा म्हणायचं आणि तेच माप पुढच्या बाईला लावायचं, हे मला पटत नाही. शिवाय घुंगुरवाळीला दुखत नाहीये. तिचे व्रण जुने आहेत. ते फक्त दिसतात.

आता तिच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. मी मूळची बडोद्याचीच, प्रतापनगरची. इथे बर्लेस्क शिकते आणि छोट्या खोलीतल्या प्रेक्षकांपुढे सादरही करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इंग्लंडात हा प्रकार मुळात थट्टानाट्याचा. १८६८ साली लिडिया थॉम्प्सन आपली मंडळी घेऊन न्यूयॉर्कला गेली, बायका पुरुषांच्या भूमिका करत, बड्या लोकांची टर उडवत. पुढे अमेरिकेत त्यात एकेक कपडा उतरवणं आलं, १९३७ मध्ये न्यूयॉर्क शहराने अशी थिएटरं बंद पाडली, आणि १९९०च्या दशकात बायकांनीच तो प्रकार पुन्हा उचलला. आताच्या बर्लेस्कमध्ये जाड, बारीक, म्हाताऱ्या, शस्त्रक्रिया झालेल्या अशा सगळ्या असतात.

माझ्या पोटावर छातीच्या हाडाखालून बेंबीच्या खालपर्यंत उभा टाका आहे. आतडं फुटलं होतं, घाईने पोट उघडावं लागलं. टाका वाकडा जुळलाय, मध्ये खड्डा आहे. तो मी दिव्यात आणते.

माझ्या शिक्षिकेने पहिली गोष्ट शिकवली ती अशी: तू खाली पाहिलंस की सगळी खोली खाली पाहते. टाका उघडा पडतो त्या वेळी माझी मान वर असते, नजर समोरच्या एका माणसावर असते, आणि ओठाच्या कोपऱ्यात मी त्याला काहीतरी सांगत असते. लोकांना टाका दिसतो, दिसणारच. पण माझ्या चेहऱ्यावर काय चाललंय ते त्यांना त्याहून जास्त हवं असतं, म्हणून नजर परत वर येते. हे आपोआप होत नाही. आरशासमोर आणि आरसा झाकून, दोन्ही प्रकारे घोटावं लागतं. मला सर्वांत जास्त वेळ यालाच लागला, पावलांना नाही.

दुसरं, उघडण्याची जागा. अमेरिकन बर्लेस्कमधली जिप्सी रोझ ली एक हातमोजा काढायला एवढा वेळ घेई की लोक त्या मोज्यासाठी श्वास रोखत. १९३३ च्या शिकागो जत्रेत सॅली रँड पिसांचे दोन भले मोठे पंखे घेऊन नाचली. पंखा कुठे न्यायचा ते तीच ठरवी. हे तुला नवं नाही. बैठकीच्या लावणीत तरी दुसरं काय असतं? सगळं अंग नऊवारीत गुंडाळलेलं आणि तरी नजरेच्या एका फेकीत समोरचा गारद. तुझे डाग डाव्या खांद्यावर आहेत ना? पदर कुठल्या खांद्यावर येतो?

घुंगुरवाळी

मावशी! डाव्याच. इतकी वर्षं नऊवारी नेसतेय आणि या बाजूने विचारच केला नव्हता.

मँचेस्टरची_मावशी

मग पंखा तुझ्याकडे आधीपासून आहे. सुरुवातीला पदर मोकळा, दंडावरून खाली सोडलेला. कुठल्या ओळीला तो गोळा करून कमरेला खोचायचा ते तू ठरव. त्या ओळीच्या आधी दंड नाही, नंतर दंड आहे. कुणाला तो चुकून दिसला असं व्हायला नको, तू दाखवलास म्हणून दिसला असं व्हायला हवं.

फुटलाइट (इंदूर)

इंदुरात मराठी नाटकांना आणि गाण्याच्या कार्यक्रमांना दिवे लावतो. माझ्या विषयापुरतं लिहितो, पण नीट वाचा, कारण निम्मं काम दिव्यातच होतं.

उठलेला व्रण दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. बाजूच्या विंगेतून आडवा दिवा मारला की प्रत्येक उंचवट्याची एका बाजूला सावली पडते आणि व्रण आहे त्याच्या दुप्पट वाटतो. नाचाला साइड लाइट सगळेच लावतात, कारण त्याने अंगाला आकार येतो. तुमच्या डाव्या बाजूचा साइड लाइट मंद ठेवा, उजवीकडचा चालू द्या. समोरून दोन्ही कोपऱ्यांतून वरून तिरका येणारा प्रकाश सावल्या भरून काढतो.

रंग: लालसर व्रण लाल किंवा गुलाबी प्रकाशात जवळपास नाहीसा होतो, निळ्या-हिरव्यात काळा पडतो. तुमचे तपकिरी आहेत, त्यांना उबदार पिवळा बरा, साध्या भाषेत अंबर. मंडळांच्या स्टेजवर हल्ली भाड्याचे रंग बदलणारे एलईडी दिवे येतात आणि ऑपरेटर पोरगा हौसेने दर चार सेकंदांना रंग बदलतो. त्याला आधी भेटा. चहा पाजा. लावणीभर एकच रंग ठेवायला सांगा आणि निळा अजिबात नको म्हणून सांगा.

पाठीची चकचकीत कातडी थेट प्रकाश परतवते. तिथे पावडरचा हात फिरवला तर चमक मरते. पण माझं मत विचाराल तर पाठ वळवताना ती चमक राहू द्यावी. जरीच्या काठाशेजारी वाईट दिसत नाही.

रंगपेटी (बडोदा)

नवरा-नवरीचे मेकअप करते, गरब्याच्या सीझनला अंगाचे पण. घुंगुरवाळी ताई, मेकअपने रंग झाकला जातो, उंचवटा नाही. दंडावरचा व्रण जाड आहे म्हणताय, तर त्यावर थर चढवला की रंग एकसारखा होईल पण आकार तसाच राहील, आणि घामाने कडेकडेला फाटलं की आधीपेक्षा जास्त लक्ष जाईल.

तरी झाकायचंच असेल तर: गडद तपकिरी व्रणावर आधी पीच किंवा नारिंगी करेक्टर (लाल व्रण असतो त्याला हिरवा), त्यावर तुमच्या रंगाचा कॅमुफ्लाज (डाग झाकणारा दाट) बेस, बोटाने थापून, घासून नाही. पातळ थर. भरपूर पावडर, पाच-दहा मिनिटं तशीच, मग ब्रशने झटकायची. लावलेल्या कातडीवर बेस घसरतो कारण तिला स्वतःचं तेल नसतं, म्हणून आधी मॉइश्चरायझर लावून ते पूर्ण जिरू द्या. आठवडाभर आधी छोट्या जागेवर लावून बघा. उतरवताना तेलाने, चोळू नका.

माझा सल्ला: दंड तसाच ठेवा. डोळ्यांवर मेहनत घ्या. काजळ जाड, भुवई उंच, पापणीवर चमक. लोकांनी जिथे बघायला हवंय तिथे पैसे खर्च करा.

खांदा_सोडवा (ग्वाल्हेर)

फिजिओ आहे, भाजलेल्या रुग्णांबरोबर बरंच काम केलंय. दिवे आणि मेकअपवर लोकांनी लिहिलंच आहे. मी कातडीबद्दल लिहिते, कारण तालमीत हौसेने हात मागे फेकला आणि काखेत चीर गेली तर कार्यक्रम राहील बाजूला.

व्रणाची कातडी मूळ कातडीइतकी मजबूत कधीच होत नाही, पुष्कळ वर्षांनीही साधारण ८० टक्क्यांपर्यंतच पोहोचते. तालमीआधी कोमट पाण्याने अंघोळ, मग खोबरेल किंवा साधं क्रीम लावून व्रणावर बोटाने गोल दाब देत मालीश, मग हळू ताण. हात वर नेताना काखेजवळचा व्रण पांढुरका पडतो का ते आरशात पाहा. पांढरा पडला की तिथेच थांबायचं, तो ताण अर्धा मिनिट धरायचा, झटका द्यायचा नाही. रोज थोडं. कार्यक्रमाच्या दिवशी नवं काही करायचं नाही.

लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट घामाची. खोल भाजून कातडी लावलेली असेल तर त्या भागाला घाम येत नाही, घामाच्या ग्रंथी उरलेल्याच नसतात. मग उरलेलं अंग जास्त घामेजतं आणि शरीर तापतं. भाद्रपदात बडोद्याचा उकाडा, वर नऊ वार, वर दिवे. विंगेत ओला टॉवेल बर्फात ठेवा, आधी आणि मध्ये पाणी प्या. चोळीला आतून मऊ सुती अस्तर लावा, जरीचा काठ व्रणावर थेट घासता कामा नये. व्रणाला खाज सुटते हे तुम्हाला माहीतच आहे. स्टेजवर बसल्या बसल्या सुटली तर वेड लागतं.

आणि ज्यांचे व्रण ताजे आहेत त्यांनी हा धागा वाचून लगेच घाई करू नये. व्रण पिकायला दीड-दोन वर्षं लागतात. त्या काळात सिलिकॉनची पट्टी, प्रेशर गारमेंट (व्रणावर दाब देणारे घट्ट कपडे), ऊन टाळणं, हे डॉक्टर सांगतील तसं करा.

शेगडी_नव्हे (ग्वाल्हेर)

मी सहसा लिहीत नाही. माझा गळा आणि हनुवटीखालचा भाग भाजलेला आहे. लग्नानंतर नाही, शाळेत असताना, फटाक्याने. पण भाजलेली बाई दिसली की लोकांच्या डोक्यात एकच गोष्ट असते: सासर. ट्रेनमध्ये, बँकेच्या रांगेत, मुलाच्या शाळेत. माझ्या नवऱ्याकडे लोक कशा नजरेने बघतात ते मी पाहिलंय. त्याने माझ्यासाठी काय केलंय ते त्यांना माहीत नसतं, आणि रस्त्यात थांबून मी किती जणांना सांगणार?

म्हणून घुंगुरवाळी, तुला विचारते. लावणी तर शृंगाराची असते. लोक डाग बघून हळहळायला लागले तर? मला टक लावून बघणारे चालतात. "बिच्चारी" म्हणणारे सहन होत नाहीत. टाळ्या पडतील त्या नाचाला आहेत की दयेला, हे कसं कळणार?

घुंगुरवाळी

शेगडी_नव्हे, तू लिहिलंस ते वाचून मी बराच वेळ उत्तर लिहू शकले नाही. मलाही नेमकी हीच भीती आहे आणि मूळ प्रश्नात मी ती लिहायचं टाळलं.

आमच्या गाणाऱ्या बाईंना मी हे विचारलं. त्या साठीच्या आहेत. त्या म्हणाल्या, करुण रसाच्या टाळ्या एकसारख्या, मऊ, शेवटी येतात. लावणीच्या टाळ्या मध्येच येतात, जागेवर, आणि त्यात शिट्टी असते. त्यामुळे मी ठरवलंय की सूत्रसंचालकाने माझ्या अपघाताबद्दल एक अवाक्षर काढायचं नाही. "जिद्द", "प्रेरणा", "संकटावर मात" यातलं काहीही नाही. त्यांनी तसं लिहून आणलं होतं, मी खोडायला लावलं. ओळख एवढीच: बैठकीची लावणी, सादर करणार अमुक, ढोलकीवर तमुक. कहाणी आधी सांगितली की लोक नाच बघतच नाहीत, कहाणी बघतात.

तालमीत कळलेलं: दंडावर वाकी घातली तर ती बरोब्बर व्रणाच्या कडेवर बसते आणि रुतते. डावीकडची काढून टाकली, फक्त उजवीकडे घालणार. डावा दंड पूर्ण मोकळा. आरशात पाहिलं तर तेच जास्त आवडलं.

हात मागे टाकायची एक जागा होती, पदर डोक्यामागून ताणायची. ती डाव्या हाताला जमत नाही. आम्ही ती उजव्या हाताला दिली आणि डावा हात हनुवटीखाली, बोटं अर्धी मिटलेली. आता ती जागा माझी झाली, आधी ती सगळ्यांची होती.

पोहेजलेबी (इंदूर)

सूत्रसंचालकाचं खोडलंत ते फार बरं केलंत. आमच्याकडे एका कार्यक्रमात व्हीलचेअरवरच्या गायकाची ओळख एवढी लांबली की त्याच्या वाट्याचं एक गाणं कापलं गेलं.

रावपुरा_जुने

माझं मत मी मागे घेतलेलं नाही. मुलांबद्दल मी जे लिहिलं ते अनुभवातून लिहिलं. पण मँचेस्टरच्या बाईंनी विठाबाईंबद्दल लिहिलं त्यावर विचार केला. माझ्या वडिलांनी त्यांना पाहिलं होतं, त्यांच्या तोंडून मी ती गोष्ट ऐकली. त्यांनी ती सांगताना डोळे पुसले होते. मी त्यातलं फक्त शौर्य लक्षात ठेवलं.

बडोद्याबद्दल एक सांगतो. १८८० मध्ये सयाजीराव महाराजांचं लग्न तंजावरच्या राजकन्येशी झालं, त्या पहिल्या चिमणाबाई. त्यांच्याबरोबर तंजावरहून नर्तकी, नट्टुवनार (नाच शिकवणारे गुरू) आणि वाजवणारे बडोद्यात आले आणि दरबारच्या नोकरीत राहिले. त्या घराण्यांतल्या कुबेरनाथ तंजोरकरांनी पुढे इथल्या विद्यापीठात भरतनाट्यम शिकवलं. म्हणजे नाचणारी बाई या गावाला परकी नाही, आणि बसून केलेल्या अभिनयाची कदर करणारे लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एवढं लक्षात ठेवून बसा.

पदर खोचणार असाल तर तो ओळीवर खोचू नका. ओळीवर लोक शब्द ऐकत असतात. ओळ संपून ढोलकीचा तोडा सुरू होतो तिथे खोचा, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, गाठ पडली पाहिजे. ढोलकीवाल्याशी बोलून घ्या, तो तुम्हाला जागा रुंद करून देईल.

मँचेस्टरची_मावशी

काका, हे सोन्यासारखं सांगितलंत. आमच्याकडेही ड्रमवर उघडतात.

लिहू_का (पुणे)

थोडं वेगळं मत मांडते. मलाही डाग आहेत (पोटावर, सिझेरियनचे नाहीत) आणि मी ते झाकून नाचते. मला झाकायला आवडतं. हल्ली सगळीकडे "अभिमानाने दाखवा" सुरू आहे, आणि न दाखवणारी जणू भित्री ठरते. या धाग्यात तसं कुणी म्हटलं नाही, पण एखादी वाचून तसं समजेल म्हणून लिहितेय.

घुंगुरवाळी

लिहू_का, अगदी बरोबर. माझी पाठ मीही पदराखालीच ठेवणार आहे, फक्त एका गिरकीत दिसेल तेवढी दिसेल. दंड उघडा हवा कारण खांद्याचं काम आहे. पाठीचं काम या लावणीत नाही, म्हणून ती उघडी असायची गरज नाही. मी डाग दाखवायला नाचत नाहीये. नाचायला जेवढं अंग मोकळं लागतं तेवढं मोकळं ठेवतेय.

घुंगुरवाळी

काल झाला कार्यक्रम. बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून इथेच सविस्तर लिहिते.

दिवेवाल्या मुलाला फुटलाइट दादांनी सांगितलं तसं आधी भेटले. चहा पाजला. त्याने अंबर ठेवला आणि खरंच हात लावला नाही.

बसले तेव्हा पदर पूर्ण दंडावर होता. पहिले दोन अंतरे कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. दुसऱ्या अंतऱ्यानंतर ढोलकीवाल्याने तोडा घेतला आणि नेहमीच्या दुप्पट लांबवला. मी पदराच्या निऱ्या एकेक करून गोळा केल्या, उजव्या हाताने, घाई न करता, नजर समोर. समेवर खोचला. खोचताना खाली बघायची इतकी तीव्र इच्छा झाली की मान अक्षरशः धरून ठेवावी लागली. सभागृहात एक हालचाल झाली, खुर्च्यांची, पंख्यांसारख्या हलणाऱ्या कार्यक्रमपत्रिका क्षणभर थांबल्या. पहिल्या रांगेतल्या एका मुलाने खरोखर बोट दाखवलं. रावपुरा काका, तुमचं बरोबर होतं. त्याच्या आईने त्याचा हात खाली ओढला.

मी त्याच्याकडेच बघितलं. पुढची ओळ रुसव्याची होती, "बोलणार नाही जा" अशा भावाची. ती सगळी मी त्या मुलाला दिली. हनुवटी फिरवली, डावा खांदा उडवला, तोच दंडाचा, आणि भुवई वर करून त्याच्याकडे तिरकं पाहिलं. तो इतका लाजला की आईच्या कुशीत तोंड लपवलं. मागून कुणीतरी "वाह बेन!" ओरडलं आणि टाळ्या आल्या, मध्येच, जागेवर. शिट्टीसकट. शेगडी_नव्हे, त्या मऊ नव्हत्या.

उठून नाचायला लागले तेव्हा पाठ तापून निघाली होती. विंगेत बर्फाचा टॉवेल होता म्हणून निभावलं, नाहीतर शेवटचा तोडा सोडावा लागला असता. अस्तराने खाज वाचवली. अजून डावा खांदा ठणकतोय, मालीश सुरू आहे.

नंतर तीन-चार बायका भेटायला आल्या. एकीने दंडाला हात लावू का विचारलं. मी नाही म्हटलं. तिला वाईट वाटलं असेल, पण नाही म्हणता आलं याचा मला आनंद आहे.

शेगडी_नव्हे (ग्वाल्हेर)

वाचलं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. मला नाचता येत नाही, पण आमच्या मंडळात निवेदन करायला मला कायम विचारतात आणि मी कायम नाही म्हणते, कारण माइकसमोर सगळ्यांची नजर गळ्यावर. कोजागिरीला हो म्हणणार आहे. मफलर न घेता.

खांदा_सोडवा (ग्वाल्हेर)

शेगडी_नव्हे, माइकचा स्टँड हनुवटीच्या उंचीवर नको, जरा खाली ठेवायला सांग. मान वर राहते आणि गळ्याच्या व्रणाला ओढही बसत नाही.

नवखी (बडोदा)

ताई, मी कॉलेजात आहे. छातीच्या मधोमध हृदयाच्या ऑपरेशनचा उभा व्रण आहे, लहानपणीचा, पण वरच्या टोकाला जाड होऊन मूळ टाक्याच्या बाहेर पसरलाय. यंदा मला गरब्याला खोल गळ्याची, मागे दोऱ्यांची चोळी घालायची आहे. मैत्रिणी म्हणतात, घाल. आई म्हणते, ऑक्सिडाइज्डचा मोठा हार घाल म्हणजे झाकलं जाईल. काय करू?

घुंगुरवाळी

नवखी, हार नको. झाकायचं की नाही हा भाग वेगळा, पण टाक्याच्या बाहेर पसरला म्हणजे तो बहुतेक केलॉइड आहे, आणि छातीची मधली जागा, खांदे, कानाच्या पाळ्या इथे तो चिडला की वाढतो. तो जड हार तीन-चार तास प्रत्येक टाळीला त्याच्यावर आपटणार. एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून घे. चोळी हॉल्टर नको, गळ्यामागच्या दोरीची सगळी ओढ छातीच्या मधे येते. रुंद खांद्यांची घे, गळा हवा तेवढा खोल, आरसेकाम मात्र गळ्याच्या कडेपासून दोन बोटं दूर, आणि आत सुती अस्तर. कानात मोठे झुमके घाल, रंगपेटी म्हणतात तसं लक्ष हवं तिथे न्यायचं. वर्तुळात तू फिरत असतेस, लावणीसारखी कुणाच्या समोर बसून राहत नाहीस, त्यामुळे पहिल्या रात्रीचा अर्धा तास जड जाईल, मग पाय सांभाळतील.

कापड घेतलंस की व्यनि कर, माझ्या शिंप्याकडे बरोबर जाऊ. त्याला अस्तराचं आता न सांगता कळतं. पितृपक्ष लागला की तो नव्या ऑर्डर घेत नाही, तेव्हा याच आठवड्यात.